मनगट दुखतंय? आधी टेबल मोजा

प्रश्न असा आहे: गोव्यात कुंडईला औषधांच्या पॅकिंग लाइनवर सुपरवायझर असलेल्या एका ताईंनी विचारलंय की लाइनवरच्या बऱ्याच मुलींचं मनगट, अंगठा नि खांदा दुखतो, दोघीतिघींना रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. कंपनीने मनगटाचे पट्टे वाटले, मलम दिलं, सकाळी पाच मिनिटं व्यायाम सुरू केला, तरी फरक नाही, आणि मॅनेजरांचं म्हणणं की हल्लीच्या मुलींना कामाची सवय नाही. तर वर्कस्टेशनमध्ये नेमकं काय बदलायचं आणि ते कमी खर्चात होईल का.

ताई, होईल. वेर्णा, कुंडई, डिचोली, थिवी इथल्या कारखान्यांत मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि मला वाटतं जवळपास सगळीकडे सुरुवातच उलटी होते, माणसाला पट्टा बांधतात आणि टेबल जसं आहे तसंच राहतं. दुखणं मनगटात आहे पण ते तयार होतंय टेबलावर, त्यामुळे मोजायचं ते टेबल.

पण त्याही आधी एक काम करा, याला कागद आणि पेन सोडून काही लागत नाही. माणसाच्या शरीराचं साधं चित्र काढून प्रत्येकीला एक एक कागद द्या, पुढून आणि मागून, आणि दुखतं तिथे फुली मारायला सांगा. नाव लिहायला सांगू नका, फक्त त्या महिन्यात जास्त वेळ कुठल्या जागेवर काम केलं तेवढं लिहू दे. मराठी-कोंकणी बोलणाऱ्या मुलींबरोबर ओडिशा, झारखंडच्याही असतील तर शब्द कमी आणि चित्र मोठं ठेवा. मग ते सगळे कागद नावाप्रमाणे नाही तर जागेप्रमाणे लावा. फुल्या सगळीकडे सारख्या पसरल्या तर वेगळा विचार करू, पण माझ्या अनुभवात त्या दोनतीन जागांवरच गोळा होतात, कार्टनचा फ्लॅप, म्हणजे झाकणाची पट्टी, बंद करणाऱ्या जागेवर अंगठा, लाइनच्या शेवटी बॉक्स रचणाऱ्या जागेवर कंबर आणि तपासणीच्या जागेवर मान. मुली बदलल्या तरी जागा तीच आणि दुखणं तेच, असा कागद समोर आला की सवय नाही वगैरे मुद्दा उरतच नाही. घरी कपडे धुतात, स्कूटर चालवतात म्हणून दुखतं असंही कोणी म्हणेल, तर धुणं आणि स्कूटर सगळ्याच जणींच्या वाट्याला आहे ना, मग फ्लॅपच्या जागेवरच अंगठा का धरतो? आणि ही काही आजची तक्रार नाही, इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरने कामगारांच्या आजारांवरच्या पुस्तकाच्या १७१३ च्या आवृत्तीत दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातांचं दुखणं नोंदवलंय आणि कारणं दिलीत ती सतत बसणं आणि हाताची तीच ती हालचाल.

आता हे होतं कसं ते थोडं समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खालच्या भागात असतात आणि तिथून दोऱ्या निघून मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या पुढच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे, त्यातून अशा नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. सायकलच्या ब्रेकची वायर तिच्या नळीतून सरकते तशा या दोऱ्या आपापल्या आवरणातून सरकतात, नळी सरळ असेल तर वायर हलकी चालते, नळी वाकवली की घासते आणि ब्रेक दाबायला जोर जास्त लागतो. मनगट वाकवून हजारो वेळा बोटं दाबली की आवरणाला सूज येते, बोगद्यात जागा कमी होते आणि ती नस दाबली जाते. म्हणून अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दुखत असेल तर ते वेगळं, तिथे अंगठा उचलणाऱ्या दोऱ्यांचं आवरण सुजतं, त्याला डी क्वेरव्हेन म्हणतात.

मॅनेजरांना हे पटवायचं असेल तर त्यांना मनगट पूर्ण खाली वाकवायला सांगा आणि मग घट्ट मूठ वळायला सांगा. वळत नाही. वाकलेल्या मनगटात पकडीची ताकद निम्म्याच्याही खाली जाते, म्हणजे तेच काम करायला त्या मुलीला दुप्पट जोर लावावा लागतो. शिवाय चिमटीत धरायची ताकद पूर्ण मुठीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढीच असते. वाकलेलं मनगट, चिमूट, जोर आणि तीच ती हालचाल ही चारही एका जागेवर जमली की तिथे दुखणं येणारच, आणि हाताने कार्टन भरण्याच्या कामात चारही जमतात. हालचाल तीच ती आहे का हे ठरवायला एक जुना निकष आहे, एक फेरी ३० सेकंदांच्या आत पुरी होत असेल किंवा फेरीचा निम्म्याहून जास्त वेळ एकच हालचाल चालत असेल तर ते काम रिपिटेटिव्ह धरायचं. तुमच्या लाइनवर एक कार्टन पाचसहा सेकंदांत होत असेल, तेव्हा तो प्रश्नच नाही.

मग टेबल. इथे जवळपास सगळे एकच चूक करतात, टेबलाची उंची मोजतात. टेबलाची उंची नाही, हाताची उंची मोजायची, म्हणजे काम करताना तिचे हात जमिनीपासून किती वर आहेत ते. आपल्याकडे कन्व्हेअर बहुतेक ९० सेंमीचा असतो, त्यावर १०-१२ सेंमीचा ट्रे आणि ट्रेमध्ये उभं कार्टन, म्हणजे हात गेले १०५ च्या वर. आणि उभ्या राहिलेल्या आपल्या बायकांचं कोपर असतं साधारण ९५ सेंमीला, ठेंगणी असेल तर आणखी खाली. हलक्या हातकामाला हात कोपराच्या उंचीवर किंवा पाच-दहा सेंमी खाली हवेत, बारीक बघायचं काम असेल तर तेवढेच वर चालतात, आणि जोर लावायचं काम असेल तर चांगले १५-२० सेंमी खाली. तुमच्या इथे हात आहेत दहा सेंमी वर, म्हणजे ती बिचारी दिवसभर खांदे उचलून आणि मनगट खाली वाकवून काम करतेय. खांदा का दुखतो याचं उत्तर इथेच मिळालं. बसून काम असेल तर आणखी वाईट, ४५ सेंमीचं स्टूल, बसल्यावर कोपर सीटच्या २० सेंमी वर, म्हणजे ६५, आणि टेबल ७५ चं. मग ती मनगट टेबलाच्या कडेवर टेकवते, आणि स्टीलच्या टेबलाची कड कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे, दिवसभर नेमकी त्या बोगद्यावर दाबली जाते.

मशीन आणि टेबलांचे ड्रॉइंग बऱ्याचदा परदेशी मापांवरून आलेले असतात हे त्याचं एक कारण. आपल्या लोकांची मापं अहमदाबादच्या एनआयडीने, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, १९९७ मध्येच छापलीत, पण फॅब्रिकेटरकडे ती कोणी पाठवत नाही. तुम्ही तर तेवढं पण करू नका, तुमच्याच मुलींची कोपरं मोजा, शिलाईचा टेप पुरतो, कामाची चप्पल घालून, हात सैल सोडून कोपर काटकोनात. अर्ध्या तासात सगळी लाइन होते. मग सरासरीवर टेबल करू नका, सगळ्यात उंच मुलीला जमेल असं टेबल ठेवा आणि बाकीच्यांना खालून वर आणा. कारण टेबल खाली असलं की उंच मुलीला वाकावं लागतं आणि तिला जमिनीत खाली काही ढकलता येत नाही, ठेंगणीला मात्र प्लॅटफॉर्म देता येतो. प्लॅटफॉर्म सुटा तुकडा नको, पाय अडकून पडतात, पूर्ण जागेभर रुंद आणि कडेला पिवळी पट्टी. उभं राहायच्या जागेला १५ सेंमी उंचीवर पाय ठेवायला पाइप लावा, एक एक पाय आलटून पालटून वर ठेवला की कंबर मोकळी होते. बसायला उंच स्टूल देणार असाल तर पाय टेकायची पट्टी हवीच, आणि कन्व्हेअरखाली गुडघ्यांना जागा आहे का ते आधी बघा. खाली मोटर आणि पत्रा असेल तर ती तिरकी बसून काम करेल आणि मग कंबरेची तक्रार येईल.

कन्व्हेअर खाली करायचा असेल तर आधी त्याच्या पायांचे बोल्ट बघा, बऱ्याच कन्व्हेअरना चारपाच सेंमी खालीवर करायची सोय असते आणि ती बसवल्यापासून कोणी हलवलेली नसते. ट्रेची उंची कमी करणं तर त्याहून सोपं, १२ चा ट्रे ५ चा केला की सात सेंमी मिळाले.

आता अंगठा, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तुमचं खरं दुखणं बहुधा इथे आहे. कार्टन बंद करताना काय होतं ते जवळ उभं राहून बघा. डाव्या हातात कार्टन चिमटीत, उजव्या अंगठ्याच्या टोकाने फ्लॅप आत ढकलायचा, खाली एकदा आणि वर एकदा. मिनिटाला १० कार्टन धरली तर २० दाब, सात तासांत ८,४००. आता हा दाब किती जोराचा आहे हे मुलीच्या हातात नाही, ते कार्टनच्या क्रीजवर, म्हणजे घडीच्या दाबलेल्या रेघेवर, आहे. क्रीज नीट बसलेली नसेल तर फ्लॅप उलटा उसळतो आणि अंगठ्याला दोनदा दाबावं लागतं. तुम्ही एक करा, वेगवेगळ्या सप्लायरची पाच पाच कार्टनं घ्या आणि स्वतः बंद करून बघा, फरक अंगठ्याला लगेच कळतो. पावसाळ्यात गोदामात दमट हवेत पडलेली कार्टनं वाकतात, ती तर आणखी छळतात, तेव्हा जूनपासून तक्रारी वाढत असतील तर गोदामसुद्धा बघा. परचेसवाल्यांना सांगायचं की कार्टन मंजूर करताना क्रीज आणि फ्लॅपचा जोर बघा, नुसता छपाईचा रंग नको. क्रीज एकदा मोडून दिलेली कार्टनं मागवता येतात. तळ आपोआप लॉक होणारं कार्टनही मिळतं, ते महाग पडतं हे खरं, पण ८,४०० चे ४,२०० होतात, आणि इतका मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

ते नाही जमलं तर जिग, म्हणजे कार्टन धरून ठेवणारा साचा. पांढऱ्या नायलॉनचा ठोकळा, त्यात कार्टनच्या मापाचा खाचा, थोडा तिच्याकडे कललेला. कार्टन त्यात उभं राहतं, डावा हात चिमटीतून सुटतो आणि फ्लॅप अंगठ्याच्या टोकाऐवजी दोनतीन बोटांनी किंवा तळव्याच्या गादीने आत जातो. असा ठोकळा स्थानिक वर्कशॉपमध्ये एका दिवसात होतो. पहिला ठोकळा केला की तो रोज ते काम करणाऱ्या मुलीला द्या आणि तिला बदल सांगू दे, खाच किती खोल, कल किती. तिने नाकारला तर समजा ठोकळ्यात काहीतरी चुकलंय, तिच्यात नाही.

हात किती लांब जातो तेही बघायला हवं. तिला जागेवर उभं करा, कोपरं अंगाला लावून हात पुढे फिरवायला सांगा आणि टेबलावर मार्करने कमान काढा, साधारण ३५-४० सेंमीची येईल. सारखं उचलायचं ते सगळं या कमानीच्या आत आलं पाहिजे, गोळ्यांची स्ट्रिप, लीफलेट म्हणजे औषधाच्या माहितीचा कागद, कार्टन. क्वचित लागतं ते बाहेर गेलं तरी चालेल. लीफलेटचा डबा नेहमी पलीकडे कोपऱ्यात असतो कारण बसवणाऱ्याला तिथे जागा दिसली. डबे तिच्याकडे कलते ठेवा म्हणजे आत हात घालायला मनगट वाकवावं लागत नाही.

फार्मामध्ये एक अडचण आहे जी बाहेरच्यांना कळत नाही. तुम्ही उद्या उठून टेबलाला रबर चिकटवलंत किंवा लाकडी फळी पायाखाली ठेवलीत तर क्यूए, म्हणजे गुणवत्ता बघणारा विभाग, परवा काढायला लावेल, आणि त्यांचं बरोबरच आहे, लाकूड आणि फोम धुता येत नाही, कण सुटतात. तेव्हा सगळं स्टील, नायलॉन किंवा फूड ग्रेड सिलिकॉनमध्ये करा, कड गोल वाकवून घ्या, आणि चेंज कंट्रोलचा, म्हणजे बदलाच्या मंजुरीचा, फॉर्म पहिल्याच दिवशी भरा. क्यूएला सुरुवातीपासून बरोबर घ्या. चांगले बदल मी फॉर्ममध्ये महिनोन् महिने अडकलेले बघितलेत, फक्त शेवटी विचारलं म्हणून. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा असेल तर त्याचीही परवानगी घ्या, पण काढाच, बाजूने पाच मिनिटं, आणि नंतर हळू करून मनगट किती वेळा वाकतं ते मोजा. रुला नावाची पद्धत आहे, १९९३ ची, नॉटिंगहॅमच्या मॅकअटॅम्नी आणि कॉर्लेट यांची, त्या व्हिडिओवरून हात, मनगट, मान यांना गुण देऊन १ ते ७ आकडा येतो, १-२ ठीक, ७ म्हणजे लगेच बदला. मॅनेजमेंटला आकडा आवडतो म्हणून ती वापरा.

लाइनच्या शेवटच्या जागेबद्दल एवढंच, पॅलेट जमिनीवर ठेवून पहिला थर रचू नका, खाली दोन रिकामे पॅलेट टाका आणि वरचा थर खांद्याच्या खाली थांबवा. टेप लावायला हँडल असलेला डिस्पेन्सर द्या. तपासणीच्या जागेवर मान दुखत असेल तर बहुतेक वेळा उजेड कमी असतो आणि बॅच नंबर वाचायला ती खाली वाकते, दिवा जवळ आणा आणि कार्टन कलत्या फळीवर येऊ दे.

तुमचा प्रश्न फार्माचा आहे पण हे वाचणारे इतरही असतील म्हणून दोन ओळी. काजूच्या कारखान्यात साल काढणाऱ्या बायकांच्या सुरीचं हँडल इतकं बारीक असतं की चिमूट दुखणारच, त्यावर रबरी नळी चढवून बोटाएवढं जाड करा आणि त्यांना जमिनीवरून टेबलावर आणा. मासळीच्या फ्रीझिंगमध्ये थंड बोटांना स्पर्श कळत नाही म्हणून पकड आपोआप घट्ट होते, त्यात हातमोजा मोठा असेल तर आणखी, तिथे मापाचे मोजे आणि मधून मधून हात गरम करायला जागा हे पहिलं. असेंब्लीमध्ये इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर वरून बॅलन्सरला, म्हणजे वजन तोलून धरणाऱ्या स्प्रिंगला, टांगा, आणि स्क्रू वरून खाली जात असेल तर सरळ दांड्याचा, समोर भिंतीसारख्या बाजूत जात असेल तर पिस्तुलासारखा, हे उलटं झालं की मनगट वाकलंच.

आता रोटेशन. सगळे सांगतात आम्ही रोटेशन करतो आणि बघितलं तर मुलगी फ्लॅपवरून लीफलेटच्या घडीवर आणि तिथून परत फ्लॅपवर. तिन्ही वेळा तोच अंगठा. रोटेशन म्हणजे स्नायू बदलला पाहिजे, फ्लॅपवरून दोन तासांनी वजन तपासणीला किंवा बॉक्सच्या लेबलला. आणि वेग हा सुद्धा वर्कस्टेशनचाच भाग आहे, टेबल कितीही चांगलं केलं आणि बेल्ट वाढवला तर मिळवलेलं सगळं गेलं. दुपारची एक मोठी सुट्टी ठेवाच पण तासातासाला दोनचार मिनिटांचा हात सोडणं जास्त कामाचं. चवथीच्या आधी सगळीकडे ओव्हरटाइम लागतो, मग आठवडाभर सुट्टी, आणि परत आल्या दिवशी पूर्ण वेग, हा काळ मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. नव्या मुलींना आणि सुट्टीवरून आलेल्यांना पहिले काही दिवस कमी टार्गेट द्या.

कायद्याचं विचाराल तर १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टच्या कलम ४४ मध्ये उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या असं स्पष्ट होतं आणि २०२० च्या ओएसएच कोडमध्येही, म्हणजे कामाच्या जागेवरची सुरक्षा आणि आरोग्य यांच्या कायद्यातही, ती गोष्ट घेतलीय. पण कळवायलाच हव्या अशा आजारांच्या यादीत सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे, मनगट-अंगठ्याचं हे दुखणं नाही. म्हणून ते कुठल्याही रजिस्टरला चढत नाही आणि मुलगी एक दिवस नोकरी सोडते तेव्हा कारण लिहिलं जातं वैयक्तिक. याचा मला मनापासून राग येतो. तुमच्याकडे सुपरवायझरची वही आहे, त्यात जागेप्रमाणे नोंद ठेवा, कोणी मागितली नाही तरी.

मॅनेजरांकडे सगळी लाइन बदलायची मागणी घेऊन जाऊ नका, ती नाकारणं सोपं असतं. एकच जागा मागा, सगळ्यात जास्त फुल्या असलेली. तिथे प्लॅटफॉर्म, लहान ट्रे, ठोकळा, गोल कड, एवढं करा, महिनाभर चालू दे, मग परत तेच चित्राचे कागद भरून घ्या आणि त्या जागेचं उत्पादन आणि रिजेक्शन बाजूला लिहा.

आणि ज्या मुलींना रात्री मुंग्या येतात त्यांच्यासाठी हे सगळं होईपर्यंत थांबू नका. त्यांना या आठवड्यातच डॉक्टरकडे पाठवा, ईएसआयमधून नसेची तपासणी होते का विचारा. थायरॉइड आणि साखरही बघायला सांगा कारण त्यामुळे हे दुखणं वाढतं. पट्टा रात्री झोपताना मनगट सरळ ठेवायला घालावा, त्याचा उपयोग होतो. कामावर घालू नये, कारण जागा तीच राहिली तर मनगट अडतं आणि तोच जोर कोपरावर आणि खांद्यावर जातो. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग सपाट दिसायला लागला असेल किंवा हातातून वस्तू पडत असतील तर उशीर झालाय, तिला लगेच दाखवा. त्या दोघीतिघींना उद्यापासून फ्लॅपवरून काढा, पगार आणि इन्सेंटिव्ह न कापता, हे आधीच लेखी घ्या, नाहीतर बाकीच्या मुली दुखत असूनही कागदावर फुली मारणार नाहीत.